किपॅडवाल्या ताई

परवा गाडीची डिकी साफ करायला घेतली. जुन्या बॅटऱ्या, स्क्रू, अर्धवट चिकटपट्ट्या, एक मोडका सेन्सर. एकेक वस्तू हातात घेतली की मी आणि तानाजीभाऊ हसत सुटायचो. दोन तास गेले, डिकी होती तशीच राहिली! फेकायचं तरी काय, प्रत्येक स्क्रूला एक किस्सा चिकटलेला.

मी मूळची लातूरची. आयटीत नऊ वर्षं टेस्टिंग केलं, मग कंटाळून नोकरी सोडली. तानाजीभाऊ भरे गावचे, जुने इलेक्ट्रिशियन. भिंतीवर टिचकी मारून आत वायर कुठून गेलीय ते सांगतात. आम्ही दोघं मुळशीभर लोकांच्या दारापाशी छोटा बिनतारी किपॅड बसवतो. त्यावर कोड दाबला की चोराचा अलार्म चालू-बंद होतो. शिवाय तो घरातल्या दिव्यांना, पंख्यांना, गीझरला जोडून देतो. बाहेर पडताना एक बटण दाबलं की सगळं घर बंद! ऐकायला सोपं वाटतं ना? आम्हालाही तसंच वाटलं होतं.

* * *

पहिलंच मोठं काम एका आबांच्या नव्या बंगल्याचं. सगळं बसवून झालं. मी म्हटलं, "आबा, आता चार आकडी कोड सांगा. कुणाला ओळखता येणार नाही असा."

आबांनी क्षणाचाही विचार न करता चार आकडे सांगितले. तानाजीभाऊ दारातल्या जीपकडे बघत म्हणाले, "आबा, ह्यो तर गाडीचा नंबर हाय!"

"व्हय."

"आवो, पुढं-मागं दोनी बाजूंनी लिव्हलाय की त्यो!"

"मंग? इसरलो तर बघता येतंय!"

* * *

पौडला एक निवृत्त हेडमास्तर होते. काम संपल्यावर त्यांनी चष्मा लावून भिंत तपासली आणि छताजवळच्या सायरनखाली थांबले.

"तुम्ही बिनतारी म्हणाला होतात. मग ही तार कसली?"

मी समजावलं, की किपॅड बिनतारीच आहे, पण सायरनला वीज लागते, म्हणून तेवढी एक वायर. सरांना काही ते पटेना. "बिनतारी म्हणजे बिनतारी!" शेवटी तानाजीभाऊ शिडीवरून म्हणाले, "सर, बिनपान्याची हजामत केली तरी वस्तरा लागतोच की!"

सरांनी चष्मा काढला. मग मला म्हणाले, "म्हणजे माझी हजामत झाली, हे तुम्हाला मान्य आहे!"

* * *

ह्याच बिनतारीपणाचा दुसरा किस्सा. धरणाच्या बाजूला पुण्याच्या एका साहेबांचं फार्महाऊस आहे. किपॅड व्हरांड्यातच हवा, असा त्यांचा हट्ट होता. बसवून दोन दिवस झाले नाहीत तोच साहेबांचा फोन, "मॅडम, घरातले सगळे दिवे आपोआप लागतायत, विझतायत. लवकर या!"

गेलो. किपॅड भिंतीवर नव्हताच! तो होता समोरच्या जांभळीवर, एका वानराच्या हातात. वानर अगदी मन लावून बटणं दाबत होतं. दिवे लागले, विझले, मोटारीचे पडदे उघडले. मग तीनदा कोड चुकला आणि सायरन असा कोकलला, की वानराने किपॅड टाकून थेट शेजारची टेकडी गाठली.

साहेबांनी तुकडे गोळा करत मला विचारलं, "हे वॉरंटीत बसतं का?"

तानाजीभाऊ हळूच म्हणाले, "चौथ्या टायमाला कोड बरोबर मारला असता त्यानं!"

* * *

महाळुंग्यातलं एक जोडपं, दोघंही आयटीतले. बाराव्या मजल्यावर फ्लॅट. नवरा अमोल सकाळी घाईने निघताना दाराजवळचं 'बाहेर' बटण दाबतो. दिवे, पंखे, गीझर बंद आणि अलार्म चालू. महिनाभर सगळं सुरळीत.

मग नागपूरहून त्याची आई राहायला आली. चौथ्या दिवशी अमोलने सवयीने बटण दाबलं आणि तो गेला. आई आंघोळीला. अंगाला साबण, डोळ्यांत साबण आणि दिवा गेला! गरम पाणीही गेलं. त्या चाचपडत, थंड पाण्याने कशीबशी आंघोळ उरकून बाहेर आल्या, तर हॉलमधल्या सेन्सरने त्यांनाच चोर ठरवलं. सायरन सुरू!

अमोलला मोबाईलवर इशारा गेला. मीटिंग सोडून त्याने घाबऱ्या घाबऱ्या फोन केला, "आई, घरात कुणी शिरलंय का?"

आई शांतपणे म्हणाल्या, "बाळा, मी बाहेर गेली असं तुला वाटलं, की मी बाहेर जावं असं वाटलं?"

त्याच दुपारी आम्हाला बोलावणं आलं. सून दारातच म्हणाली, "ताई, 'आई घरी' असं एक वेगळं बटण होईल का?" ते केलं. आता त्या घरात सगळ्यांत मोठ्या अक्षरांचं बटण तेच आहे.

* * *

अलार्म इंग्रजीत बोलतो, ही आमच्या गिऱ्हाइकांची मोठी तक्रार. पिरंगुटजवळच्या एका पाटलांनी तर सांगूनच टाकलं, "चोर हितलाच आसंल. त्याला विंग्रजी कळाया नगं?"

मग आम्ही किपॅडला एक स्पीकर जोडला आणि त्यात तानाजीभाऊंचाच आवाज भरला. दार उघडं राहिलं तर, "दार उघडं हाय!" अलार्म चालू असताना कुणी पाऊल टाकलं तर, "कोन हाय रं तितं? हालायचं न्हाई!" तानाजीभाऊंचा आवाज म्हणजे काय सांगू, बैलसुद्धा जागच्या जागी उभा राहील.

पाटील खूश. शेजारपाजारचे लोक त्या स्पीकरला उत्तरं द्यायला लागले. "व्हय व्हय, लावतो दार!"

पुढे पाटलांच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे ठरले. घरात सकाळपासून गडबड. मुलीने वैतागून मला फोन केला होता, "ताई, तो आवाज आज तरी बंद ठेवा हं!" मी म्हटलं, वडिलांना सांग, अलार्म लावूच नका. पण पाटलांनी सगळ्यांना मागच्या अंगणात फोटोला बोलावलं आणि जाता जाता सवयीने किपॅड दाबला.

पाहुणे पुढच्या दाराने आत आले. मुलाचे वडील, मुलगा, मामा.

"कोन हाय रं तितं? हालायचं न्हाई!"

पाहुणे जागेवर गोठले! मामांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स, तो तसाच हवेत. पाटील धावत आत आले तेव्हा तिघंही श्वास रोखून उभे होते. पाटलांचा चेहरा पांढराफटक. मुलगी स्वयंपाकघरात डोक्याला हात लावून बसली. स्थळ गेलं, असं सगळ्यांनीच धरलं.

मुलाच्या वडिलांनी आधी घाम पुसला. मग विचारलं, "घरात वडीलधारं कोन हाय?"

पाटील चाचरत म्हणाले, "मीच."

"न्हाई, त्यो आवाज कुनाचा? मानूस लई जरबेचा हाय. आशा घरातली पोरगी वळनाचीच आसनार!"

लग्न ठरलं. लग्नात तानाजीभाऊंना पहिल्या रांगेत बसवलं होतं, आणि त्यांना कुणी तोंड उघडू दिलं नाही!

* * *

आणि हा एक. हा सांगताना मात्र मलाच थोडी लाज वाटते, कारण चूक माझी होती.

दोन सख्खे भाऊ, बबनराव थोरले, किसनराव धाकटे. शेजारी शेजारी बंगले, मध्ये कंपाऊंड. दोघांत सहा वर्षं बोलणं नाही. कारण? बबनरावांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत किसनरावांचं नाव सरपंचांच्या खाली छापलं!

एकाने किपॅड बसवला म्हणून दुसऱ्यानेही बसवला. दोन्ही घरांचं सेटिंग मी एकाच दुपारी, एकाच लॅपटॉपवर केलं. अलार्म ज्याचा त्याला बरोबर जोडला, पण दिव्यांची आणि टीव्हीची जोडणी उलटी झाली. थोरल्याने 'बाहेर' दाबलं की धाकट्याचे दिवे आणि टीव्ही बंद. थोरल्याने 'घरी' दाबलं की धाकट्याच्या ओसरीवरचा दिवा चालू. आणि तसंच उलट.

दोन महिन्यांनी धाकट्याच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा फोन आला. "ताई, मालिकेत ऐन भांडनाला टीव्ही जातोय वो!"

गेले, तपासलं आणि कपाळावर हात मारला. किसनरावांची माफी मागितली. ते म्हणाले, "मला म्हाईत हाय की. दुसऱ्याच दिवशी कळलं."

"मग सांगितलं का नाही?"

"मीबी त्याचा टीव्ही घालवतोय! क्रिकेट चालू आसलं की चार येळा बाहीर जातो मी."

मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे, आता सरळ करून देते. ते म्हणाले, "आदी त्येला इचारा. मी म्हनलो म्हनून सांगू नका."

पलीकडे गेले. बबनरावांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनाही ठाऊक होतं!

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

"अहो, पण तुमचे दिवे तुमच्या हातात नकोत?"

"ऱ्हाऊ द्या म्हनलं ना!"

आठ दिवसांनी दुसऱ्या कामासाठी त्याच रस्त्याने गेले. दिवेलागण झालेली. सुनंदावहिनींनी ओसरीवरच ताटं मांडली होती. पिठलं, भाकरी, कांदा. किसनराव पाटावर बसून डोक्यावरच्या विझलेल्या बल्बकडे बघत होते.

वहिनी म्हणाल्या, "आवो, जेवा की. निवतंय समदं."

"थांब जरा," किसनराव म्हणाले. "दिवा लागला न्हाई अजून."