दहापैकी दोन

डॉक्टर म्हटलं की लोकांना फक्त गोळ्या आठवतात, त्याला शाइस्ता काय करणार! संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं ती एन्झाइमं तपासत होती, गुडघ्यातल्या दोन हाडांमधली गादी कुरतडणारी एन्झाइमं. आणि शहागंजातला फळवाला पेरू तोलता तोलता पायजमा वर करून तिला गुडघा दाखवायचा. "मी ती डॉक्टर नाही हो," म्हणून म्हणून तिची जीभ झिजली. घरी मावशी, नजमाखाला, तर तोंडावर सुनवायची, "तीस साल से घुटनेच पढ़ रई तू, मेरा एक घुटना बी ठीक नै हुआ."

तिचा जीव अडकला होता पैठणच्या अभ्यासात. आयुष्यभर हातमागावर बसलेल्या चाळीस विणकर बायका, सहा वर्षं, दर तीन महिन्यांनी रक्ताचा नमुना आणि एक साधा प्रश्न: दहापैकी किती दुखतं? येत्या मार्चमध्ये ती निवृत्त होणार होती. त्याआधी हा शोधनिबंध छापून आला, तर साऱ्या खटाटोपाचं चीज होणार होतं.

आणि आकडे तरी काय आले होते! एन्झाइम दर वर्षी चढत होतं आणि दुखणं मात्र उतरत होतं. शाइस्तानं त्यावर अख्खा सिद्धांत उभा केला. म्हणे, गादी झिजताना तिचा असा काही तुकडा सुटतो की तो वेदनाच बधिर करतो. परीक्षकांनी निबंध दोनदा परत पाठवला, "तो तुकडा दाखवा." दोन वर्षं तिनं रक्ताच्या थेंबाथेंबात तो मेला तुकडा धुंडाळला. सापडेल तर शपथ!

पैठणला जाण्याच्या आदल्या दिवशी बायकांना फोन करून "उद्या अकराला येते" असं कळवायची तिची शिस्त. त्या मंगळवारी मात्र गाडीवाल्यानं ऐनवेळी टांग दिली. चरफडत तिनं पहाटेची एसटी धरली आणि साडेआठलाच आवडाबाईच्या दारात उभी राहिली. ही आवडाबाई म्हणजे अभ्यासातली पहिली बाई. एरवी हसत दारापर्यंत यायची आणि विचारायच्या आत सांगायची, "दोन लिव्हा, मॅडम."

आज ती मोरीतून भिंत धरून, एक पाय ओढत येत होती. पावलागणिक "आई गं." शाइस्ताला बघताच ती जागीच थिजली.

"अगं बया! तुमी आत्ताच कशा? अजून गोळी लागू व्हायचीय!"

"कसली गोळी?"

"दुखण्याची. तुमचा फोन आला की आमी समद्याच आणून ठिवतो. आधी एक पुरायची, आता दोन-दोन लागत्यात."

"या अल्लाह! अहो, मी दर वेळी विचारते ना, गोळी घेता का म्हणून?"

"रोज घेता का, असं इचारता. रोज कुठं घेतो? तुमी यायच्या दिवशीच." आवडाबाई ओशाळली. "इतक्या लांबून येता, आमच्यासाठी लई राबता. तुमच्यापुढं कण्हत बसायचं व्हय? बरं दिसंल का ते?"

शाइस्ताचं डोकं सणकलं. चाळीस बायका, सहा वर्षं, आणि सगळ्या मिळून तिचा मान राखत होत्या! जो तुकडा ती रक्तात शोधत होती, तो कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये पाकिटात मिळत होता. आणि फोन करून वर्दी कोण देत होतं? तीच शहाणी. निबंध आता मागं घ्यावा लागणार होता. मार्चच्या आत नवा होणं शक्य नव्हतं. ती मटकन खाली सतरंजीवर बसली आणि तिला रडूच आलं.

आवडाबाईनं चहा आणला. कप घ्यायला शाइस्ता उठू लागली, तसा गुडघा कटकन वाजला आणि तिनं भिंतीला हात टेकला.

"दुखतं का?"

"छे, काही नाही."

शब्द तोंडातून निघून गेले होते. आवडाबाईनं कप खाली ठेवला.

"मंग आमी काय येगळं केलं, मॅडम?"

शाइस्ता पुन्हा खाली बसली, पिशवीतून कोरा फॉर्म काढला, पेन उघडलं.

"सात," ती म्हणाली. "जिना उतरताना आठ. तीन वर्षं झाली, घरीसुद्धा सांगितलं नाही."

आवडाबाई भिंतीला धरून, कण्हत, तिच्या शेजारी टेकली. आज तिनं कण्हणं लपवलं नाही.

"मंग माझं नऊ लिव्हा," ती म्हणाली.

शाइस्तानं नऊ लिहिलं.