थिनरने खाल्लेली नावं

आता लग्नाच्या हॉलवर फ्लेक्स झळकतात. आमच्या काळी नाशकात स्टेजमागच्या मखमली पडद्यावर वधूवरांची नावं टाचलेली असत, थर्माकोलची. बाजारात ती तयार मिळत. सगळी एका साच्यातली, अंग चोरून उभी. मला त्यांचा राग यायचा. मी कचेरीत कारकून, पण रविवारी दुकानांच्या पत्र्याच्या पाट्या रंगवायचो, म्हणजे स्वतःच्या मते कलावंतच. तिरक्या छाटलेल्या बोरूने मी स्वतःचं असं आख्खं वळण बसवलं होतं. काना पहिलवानासारखा, वेलांटी मोराच्या मानेसारखी मागे वळलेली. वडील म्हणायचे, याची अक्षरं पंगतीतून उठून आल्यासारखी दिसतात.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. तिच्या मालेगावच्या सासरचे डेकोरेटर आणणार होते. तिने ठणकावून सांगितलं, नावं माझा भाऊ करणार. झालं, नव्या घरातली तिची पत माझ्या अक्षरांवर टांगली गेली.

लग्नाच्या सकाळी तापलेल्या तारेने कापलेली अक्षरं मी अंगणात मांडली. पांढरीशुभ्र, गुबगुबीत. तिथेच थांबायला हवं होतं. पण मला ती सोनेरी हवी होती. पाट्यांना लावायचो तीच सोनेरी पावडर घेतली, त्याच थिनरमध्ये कालवली. पत्र्यावर काय झकास बसायचा तो रंग! मान म्हणून आधी नवरदेवाचं नाव घेतलं.

थिनर थर्माकोल खातो. हे गावातल्या कुठल्याही मंडपवाल्याला ठाऊक होतं. मला कळलं ते जावईबापूंचं नाव डोळ्यांदेखत खंगायला लागल्यावर. पहिलवानाची काठी झाली, मोराची मान आत ओढली गेली, अंगभर देवीचे व्रण उठले. मी आपला फुंकर घालतोय.

आई बाहेर आली, पाहिलं, तोंडाला पदर लावून आत गेली. रडत होती की हसत, हे मला आजवर कळलेलं नाही. नवीन कापायला वेळ नव्हता. वऱ्हाडाच्या बसने एव्हाना पिंपळगाव मागे टाकलं असणार.

बहीण हळदीच्या हातांनीच आली. एकीकडे सोनेरी हाडकुळं नाव, शेजारी तिचं पांढरं, गुटगुटीत. मी म्हटलं, नावं राहू देत, फुलांच्या माळा सोडू. तिने आपलं नाव माझ्यापुढे सरकवलं.

"माझंपण रंगव."

"अगं, तेही खाईल."

"खाऊ दे. ते असे वाळलेले आणि मी धष्टपुष्ट, शोभतं का दादा? लावायची तर दोन्ही सारखी."

रंगवलं. इतकं जपून मी आयुष्यात दुसरं कुठलंच काम बिघडवलेलं नाही.

अक्षता पडल्या. नवरदेव मान वळवून स्वतःचं नाव ओळखू पाहत होते. तेवढ्यात त्यांचे थोरले काका पडद्यासमोर येऊन ठाकले आणि अहिराणीत गरजले,

"हाऊ काय प्रकार शे?"

बहीणच मुंडावळ्यांआडून म्हणाली, "दोन्ही एकाच हातची आहेत, मोठे बाबा. माझ्या दादाच्या."

काका मागे सरकत पार खुर्च्यांपर्यंत गेले. डोळे बारीक करून त्यांनी आधी पुतण्याचं, मग तिचं नाव मोठ्याने वाचलं. एवढंच म्हणाले, "वाचता येस," आणि पंगतीकडे वळले. बहिणीने रोखून धरलेला श्वास सोडला, तो मला स्टेजखाली ऐकू आला.