निळ्या कापडातली शिंपीण

बालग्रंथालयाची जीर्ण पुस्तके उसवून, पुन्हा शिवून, नव्या पुठ्ठ्यांत बांधून देणाऱ्या बाईंना सारी गल्ली बांधणीकाकू म्हणत असे. ही विद्या त्यांना सासऱ्यांकडून लाभली होती आणि वैधव्यानंतर तीच त्यांचा एकमेव आधार ठरली. अक्षरांशी त्यांचे फारसे सख्य नव्हते. कोणी छेडलेच तर म्हणत, "मी पुस्तकाची पाठ बघते. तोंड तुम्ही बघा."

ग्रंथालयाचा एक जुना दंडक होता : मुलींच्या पुस्तकांना तांबडे कापड, मुलांच्या पुस्तकांना निळे. एखादे शास्त्रवचन असावे अशा निष्ठेने तो पाळला जाई. मुले आपापल्या रंगाच्या कपाटापाशी जात आणि दुसऱ्याकडे मानही वळवीत नसत. काकूंच्या खोलीतही त्यानुसार दोन थप्प्या असत. उजवी तांबड्याची, डावी निळ्याची.

एकदा एका शिंपिणीच्या मुलीची कथा दुरुस्तीला आली. हरवलेल्या धाकट्या बहिणीला शोधत ती गावोगाव हिंडते, अशी ती कथा. पाने सपाट व्हावीत म्हणून काकूंनी ते पुस्तक दाबासाठी डाव्या थप्पीखाली सरकवले आणि तेथेच विसरल्या. दुसऱ्या दिवशी हात सवयीने चालले. शिंपिणीची मुलगी निळी होऊन मुलांच्या कपाटात जाऊन बसली.

पुढील वर्षाची बांधणी कोणाकडे द्यावी, हे समिती ज्या दिवशी ठरवणार होती, त्याच दिवशी काकूंना बोलावणे आले. टेबलाच्या मधोमध ते पुस्तक होते. एका बाजूला अध्यक्ष; दुसऱ्या बाजूला कोपऱ्यावरचा गॅरेजवाला आणि त्याचा मुलगा.

"जेवताना हा मुसमुसत होता," गॅरेजवाला म्हणाला. "विचारलं तर म्हणे, बहीण सापडत नाही. अरे, तुला बहीण आहेच कुठे?"

मागे समितीतले कोणीतरी हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

"काकू, हे कापड तुम्हीच लावलंत?"

"दुसरं कोण लावणार, साहेब? थप्पी चुकली माझी."

"एक छापखानेवाले यंत्रावर बांधून देतो म्हणतायत. यंत्राची थप्पी चुकत नाही."

अंगठ्यावर वाळलेली खळ काकू नखाने खरवडत राहिल्या. त्या अंगठ्याला दुसरे कोणतेच काम येत नव्हते.

"पोराची फसवणूक झाली साहेब, दुसरं काय," गॅरेजवाला म्हणाला.

अध्यक्ष मुलाकडे वळले. "बाळ, निळं बघून तुला वाटलं ना, की हे मुलांचं पुस्तक आहे?"

या एका प्रश्नात सारे आले होते. मुलगा 'हो' म्हणाला की तो सुटणार होता आणि काकूंचे काम जाणार होते. त्याचे कान लालबुंद झाले होते. काकूंनी ते पाहिले.

"हो म्हण रे राजा," त्या हलकेच म्हणाल्या. "खरंच आहे ते."

मुलगा वडिलांच्या बुटांकडे पाहत राहिला.

"निळं होतं म्हणून घेतलं," तो म्हणाला. "पण पहिल्याच पानावर कळलं होतं."

"मग परत का नाही केलंस?" अध्यक्षांनी विचारले.

"तिची बहीण सापडायची होती."

पंख्याच्या वाऱ्याने पुस्तकाचे वरचे आवरण उचलले गेले आणि पुन्हा पडले. गॅरेजवाल्याने ते तळव्याने दाबून धरले. बोटांवरचे तेल निळ्या कापडावर उमटले.

"सापडली का मग?" त्याने विचारले.

"माहीत नाही. तुम्ही पुस्तक काढून घेतलंत."

गॅरेजवाला खाली पाहू लागला. आता फसवणुकीची गोष्ट कोण काढणार? अध्यक्षांनी घसा साफ केला.

"कापड मात्र बदलावं लागेल, काकू."

"बदलते."

"आणि जाताना ही नवी खेपही घेऊन जा." छापखान्याचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

खेप पोचवायला काकू ग्रंथालयात आल्या, तेव्हा तो मुलगा तांबड्या कपाटापाशी उभा होता. शेजारच्या दोन मुली त्याच्याकडे टकमक पाहत होत्या. काकूंनी आधीच तांबडे करून धाडलेले ते पुस्तक त्याने काढले, नोंद करवून घेतली आणि सदऱ्याआड न लपवता तो बाहेर गेला. दाराशी स्कूटरवर वडील थांबले होते. तांबड्या कापडाकडे त्यांनी एकदा पाहिले, मग रस्त्याकडे.

"नीट धर," ते म्हणाले. "पाडशील."