सीईटीच्या वर्गातल्या बाई

मेडिकलच्या सीईटीला मिरा रोडच्या एका शाळेत मी सुपरवायझर होतो. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट, त्यामुळे नियमाला पक्का. पोरांच्या त्या वर्गात चाळिशीच्या एक बाई बसल्या होत्या. भाईंदरला नर्स आहे, आता डॉक्टर व्हायचंय, असं गेटवर म्हणाल्या होत्या. किणकिणाटाचा पोरांना त्रास नको म्हणून त्यांनी बांगड्यांवर रुमाल बांधला.

शेवटच्या अर्ध्या तासात बाईंच्या पुढची मुलगी चक्कर येऊन बाकावर कोसळली. पेपर चालू असताना कुणाला जागेवरून उठवायचं नाही, हा नियम मीच विसरलो. "बाई, जरा बघता का?"

बाई अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या. "सर, जनमभर सगल्यांसाठी उठत आलेय. आज मना बसू द्या."

मला राग आला. तोंडावर पाणी मारून मुलीला मीच शुद्धीवर आणलं. वळून पाहिलं, तर बाई उत्तरं भरत होत्या. पेन्सिल त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.