आघात कुठं पडतो

"पुन्हा म्हणा," सर म्हणाले.

"कुठं."

"कुठे! पुन्हा."

"कुठं."

वर्ग हसला. मी उभीच. धाराशिवचं कॉलेज, एम.ए.चा भाषाविज्ञानाचा तास. सरांनी नियम सांगितला होता: शब्दात दीर्घ स्वर असेल तिथं आघात पडतो, म्हणजे बोलताना जोर तिथं येतो. मी एवढंच विचारलं होतं की उलटं कुठं होत नाही का? जोर दिला म्हणून स्वर लांबतो, असं?

सरांनी प्रश्न सोडला, माझं तोंड पकडलं. "वस्तीतलं वळण जिभेवरून गेल्याशिवाय सिद्धांत कळायचा नाही," म्हणाले.

वस्ती. कुठली, ते सांगावं लागलं नाही. हजेरीत आडनाव होतं.

मी वर्गात बोलणं सोडलं. जळकोटला घरीसुद्धा शब्द आधी मनात घासायची, मगच तोंडातून काढायची. आई म्हणाली, "का गं, मुकी झालीस का?"

मग एक दिवस मळेवाल्यांचा माणूस दारात आला. आई त्यांच्याच रानात रोजानं जायची. त्यांच्याकडं लग्न होतं. "खरकटी काढायला ये. तुमच्याकडंच असतंय ते."

"न्हाय," आई म्हणाली.

"काय म्हनलीस?"

"न्हाऽऽय!"

शब्द तोच. जोर दिला, आणि स्वर केवढा लांबला! माणूस गाडीला किक मारून गेला. आई परत चुलीकडं वळली. त्या रानातलं काम तुटलं, हे तिला कळत होतं. आणि मी? असली बाई घरात असून तोंड शिवून बसले होते.

सेमिनारला मी तेच उदाहरण फळ्यावर लिहिलं. आधी साधा स्वर, मग लांबलेला. नियम एकाच बाजूनं चालत नाही, मी म्हणाले.

"उदाहरण शुद्ध भाषेतलं घ्या," सर म्हणाले. "नाहीतर गुण देता येणार नाहीत."

"नका देऊ. उदाहरन हेच ऱ्हाईल. माज्या आईचं हाय."

कुणी हसलं नाही. गुण मात्र कापलेच.

पीएच.डी.ला हाच विषय घेतलाय. दोन मार्गदर्शकांनी नाकारला, तिसऱ्यांच्या दारात जाणार आहे. चैन पडत नाही. जळकोट, अणदूर, सोनारी, जिथं आमची माणसं बोलतात तिथं जाऊन आवाज भरून घेतेय. आम्हाला वगळून मराठीचा नियम लिहाल, तर तो नियम मी खोडणार. पुराव्यानिशी. छापून.