झुंबररावांनी करपवलेला दगड

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत झुंबरराव दगड वाळवत. यात थट्टेसारखं काही नाही. त्याचा पगार मिळे. जमिनीच्या पार पोटातून काढलेल्या वालुकाश्माचे बोटाएवढे तुकडे त्यांच्याकडे येत. या दगडात गॅस भरपूर, पण स्वभाव असा की हातून काही सुटत नाही. आत पोकळ्या असतात, पण एकीतून दुसरीत जायची वाट केसाहून बारीक, आणि त्या वाटेतही चिकणमातीचे तंतू जाळ्यासारखे पसरलेले. त्यातून गॅस किती वाहतो, यावर विहीर खोदायची की नाही ते ठरे.

म्हणून नियम असा, की तुकडे मंद आचेवर, दमट हवेत, सावकाश वाळवावेत. मखमलाबादच्या भाजीवाल्या घरात वाढलेल्या झुंबररावांना हा नियम ऐकूनच हसू येई. दमट हवेत वाळवण! त्यांच्या घरी मिरची तापल्या पत्र्यावर पडे आणि मुठीत घेतली की खडखड वाजे. मग लेखकापेक्षा शहाण्या नटासारखी त्यांनी संहितेत स्वतःची भर घातली आणि भट्टी कडक तापवली.

निकाल टाळ्या घेणारा आला. दगडातून गॅस असा धावला, की व्यवस्थापक कुंदनसाहेबांना त्या तुकड्यात साक्षात देव दिसला. विहिरीवाल्या कंपनीचे पाहुणे येणार आणि झुंबररावांना शाल-श्रीफळ मिळणार, असं ठरलं. उभ्या नोकरीत त्यांना कुणी साधी खुर्ची दिली नव्हती. सत्काराच्या दिवशी त्यांच्या पत्नी, कुसाबाई, नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत येऊन बसल्या.

त्याच सकाळी तिथल्या तरुण भूवैज्ञानिक रूपालीने तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तंतू भाजून भिंतींना चिकटले होते. वाट मोकळी होती, कारण अडवणारेच मेले होते. जमिनीखाली मात्र ते ओले आणि ताठ उभे असणार. तिने ते झुंबररावांना दाखवलं, मग साहेबांना. साहेबांनी विचारपूर्वक सांगितलं, की विज्ञान काय, चालतच राहील. कार्यक्रम मात्र अकराला आहे.

शाल खांद्यावर पडली, टाळ्या झाल्या. आभाराचे दोन शब्द बोलायला माइक पुढे आला. झुंबररावांनी कुसाबाईंकडे पाहिलं. त्या इतक्या ताठ बसल्या होत्या, जणू सत्कार त्यांचाच होता. या प्रवेशाची वाट त्यांनी आयुष्यभर पाहिली होती.

"दगड मी करपवलाय," ते म्हणाले. "आकडा खोटा आहे. त्यावर विहीर खोदू नका."

मग तिसऱ्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात कुसाबाई म्हणाल्या, "मिरची हाय व्हय ती? लय घाई या मानसाला."

पाहुणे आधी हसले, मग हसायचे थांबले. पुढे त्याच दगडाचे राखून ठेवलेले तुकडे सावकाश वाळवले, तेव्हा गॅस त्यातून कसाबसा झिरपला. विहीर रद्द झाली. प्रयोगशाळेच्या दारात 'दक्षता हीच आमची ओळख' असा फलक लागला, त्यावर छायाचित्र अर्थातच कुंदनसाहेबांचं.

सत्काराच्या त्या दिवशी मात्र साहेबांनी शिपायाला पाठवून शाल परत मागितली. कुसाबाईंनी ती केव्हाच घडी करून पिशवीत घातली होती. शिपाई दोनदा बोलला. कुसाबाईंना ऐकू आलं नाही. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "चला, बस चुकंल."