साळी आळीतली 'बसणारी' बाई

"माग बंद. सूत मिळणार नाही," म्हणत क्लार्कने कार्डाचा अर्ज टेबलावर परत टाकला.

कृष्णाबाई हलल्या नाहीत. शेवगावच्या साळी आळीतून सर्व्हिस मोटारीने त्या नगरला आमच्या ऑफिसात आल्या होत्या. काखेतलं नवंकोरं लुगडं त्यांनी अर्जाशेजारी आपटलं.

"माग बंद, तर ह्ये काय आभाळातनं पडलं?"

लढाईमुळे सूत कंट्रोलमध्ये होतं. ज्याचा माग चालू, त्यालाच कार्ड. ते ठरवायला घरोघर पाहणी झाली होती आणि मी त्यातला इन्व्हेस्टिगेटर. त्यांच्या घराचा फॉर्म काढला. अक्षर माझंच. कर्ता: पती, सध्या काम नाही. पत्नी: अवलंबित. माग: बंद.

"बाई, तुम्हीच म्हणालात, मी घरीच बसते."

"मग काय चावडीवर बसू? माग घरात हाय न्हवं!"

"म्हणजे?"

"अवो भाऊ, बसते म्हंजे मागावर बसते! मालकांना दम्यानं बसवत न्हाई. मीच बसते, दिस उगवल्यापास्नं."

साळ्यांच्या बोलण्यात बसणं म्हणजे विणणं. मागाखाली जमिनीत खड्डा असतो. विणणारा काठावर बसतो आणि खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबतो. मी कामकऱ्यांच्या हक्कांची पत्रकं लिहिणारा, चौकात भाषणं ठोकणारा! उंबऱ्यावरून प्रश्न विचारला आणि 'बसते' ऐकून 'रिकामी' समजलो. आत डोकावायचंही सुचलं नाही.

फॉर्म आणि बाई दोघांना घेऊन साहेबांकडे गेलो. साहेब अर्थशास्त्र शिकलेले, पाहणीचे प्रमुख.

"दुरुस्त करा. कर्ता: विणकर. माग: चालू. झालं."

"पण विणतात या, साहेब."

"बायका हातभार लावतातच."

"हातभार नाही, सगळाच भार यांच्यावर आहे. यांच्यापुढे विणकर लिहू द्या."

"कुठे लिहाल? पत्नीपुढे धंद्याचा रकानाच नाही. घरकाम किंवा अवलंबित, एक खोडायचं."

खरंच नव्हता. फॉर्म आखणाऱ्याने खुर्चीतून न उठता ठरवून टाकलं होतं की काम घराबाहेर होतं आणि ते पुरुष करतो. मग घरात माग असो, चूल असो, बाई खाणारीच!

कृष्णाबाई म्हणाल्या, "सायेब, त्यांचं औषदपानी मी करते. आन कागदावर मी त्यांच्या जिवावर जगते व्हय?"

"बाई, नियम आहे." मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला एवढं लागलं असेल तर पत्रक काढा."

आठवड्याभरात कार्ड आलं, नवऱ्याच्या नावाने. सूत उचलताना कार्डवाल्याचाच अंगठा लागतो. म्हणून दर खेपेला कृष्णाबाई माग सोडून, धापा टाकणाऱ्या माणसाला धरून दुकानापर्यंत नेतात. तो अंगठा उठवतो आणि गठ्ठा त्या डोक्यावर घेतात.

आळीतल्या बाकीच्या फॉर्मांची फेरतपासणी मी मागितली. वेळ नाही, साहेब म्हणाले. अहवाल मात्र वेळेवर छापला. त्यात साळ्यांच्या गरिबीचं कारण दिलंय: कमावणारे थोडे, अवलंबित फार.

त्या अवलंबितांतल्या कित्येकजणी मीच लिहिल्या आहेत. आता कोणी अहवाल पुढे केला की मी आकडे नंतर बघतो, आधी कोरा फॉर्म मागतो, त्यात कोणता रकानाच नाही ते बघायला. पुढच्या पाहणीला मला नेलेलं नाही.